तेहतीस कोटींची छाटणी

गेल्या काही वर्षांत आपल्या सुशिक्षित घरांतून एक नवा शोध मोठ्या कौतुकाने सांगितला जाऊ लागला आहे. 'तेहतीस कोटी देव' ह्या शब्दांतील कोटि म्हणजे शंभर लक्ष नव्हे; कोटि म्हणजे प्रकार; सबब आपले पूर्वज देव तेहतीस प्रकारचे आहेत एवढेच म्हणत होते, आणि परकीय भाषांतरकारांनी अर्थाचा अनर्थ करून आपणांस जगात हास्यास्पद केले, असा हा शोध आहे. सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादानंतर तो निघतो, लग्नाच्या पंगतीत निघतो, व्याख्यानमालेत तर टाळ्या घेतो. आमच्या पारनेरसारख्या तालुक्याच्या गावीही तो येऊन पोहोचला आहे. तो ऐकताना श्रोत्यांच्या मुद्रेवर जी एक सुटकेची छटा उमटते, ती पाहण्यासारखी असते. पितरांच्या नावावर निघालेले एखादे जुने कर्ज खोटे ठरावे, तसा आनंद होतो. आमचा वाद मुख्यत्वे ह्या आनंदाशी आहे; परंतु आधी शोधाची परीक्षा करू.

कोटि शब्दास 'प्रकार' हा अर्थ नाही, असे आम्ही म्हणत नाही. 'उच्च कोटीचा विद्वान' असे आपण रोज म्हणतो. मूळ अर्थ टोक, अग्र; धनुष्याचे टोक ती धनुष्कोटि. टोकावरून पराकाष्ठा, पराकाष्ठेवरून अतिशय मोठी संख्या, आणि वादाच्या एका बाजूवरून वर्ग किंवा श्रेणी, अशा ह्या शब्दाच्या शाखा फुटल्या आहेत. पण शब्दास एखादा अर्थ असणे निराळे आणि अमुक वाक्यात तोच असणे निराळे. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सारा; म्हणून सरकार शेतकऱ्याचे हात वसूल करते असे कोणी म्हणू लागला, तर त्यास आपण कोशाचा दाखला देत बसत नाही.

आता तेहतीस ही संख्या पाहा. वैदिक गणनेत आठ वसु, अकरा रुद्र, बारा आदित्य मिळून एकतीस, आणि त्यांत इंद्र व प्रजापति घातले की तेहतीस होतात. ही डोकी झाली, प्रकार नव्हेत. प्रकारच मोजावयाचे असतील तर वसु हा एक, रुद्र हा दुसरा, आदित्य हा तिसरा, आणि उरलेले दोन धरून फार तर पाच होतील. 'तेहतीस प्रकार' हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. शिवाय ज्या बृहदारण्यकोपनिषदाच्या जोरावर ही तेहतिसांची यादी पुढे केली जाते, तेथे त्या तेहतिसांस कोटि हा शब्द लावलेलाच नाही! तेथे नुसते तेहतीस आहेत. कोटि शब्द मागाहून, पुराणांच्या आणि लोकवाणीच्या काळी, त्या संख्येस येऊन चिकटला, आणि तो चिकटला तो संख्या म्हणूनच. ज्या ग्रंथात शब्द नाही त्या ग्रंथाच्या आधाराने त्या शब्दाचा अर्थ ठरविणे, ही कोणती मीमांसा?

परकीयांनी घोटाळा केला हे म्हणणे तर ह्याहून पोकळ आहे. रावणाने तेहतीस कोटी देव बंदीत घातले आणि रामाने ते सोडविले, ही कथा मराठी संतकवींच्या मुखी इंग्रजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्यास स्थिरावण्याच्या आधीपासून आहे. प्रकार बंदीत घालता येतात काय? गाईच्या उदरी तेहतीस कोटी देव वसतात असे म्हणणाऱ्या आजीबाईने कोणत्या साहेबाचे भाषांतर वाचले होते? आणि एकदा ही सुरी हाती घेतली की ती थांबवावी कोठे? चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील 'लक्ष' म्हणजे अवधान समजावे काय? नवकोट नारायण म्हणजे नऊ प्रकारचा नारायण काय? वाल्मीकीचे शतकोटी रामायण शंभर प्रकारचे होते काय?

शतकोटीचे नाव निघालेच आहे, तर आमच्या तालुक्यातीलच एक गोष्ट सांगतो. पारनेर तालुक्यात पिंपळनेर हे गाव आहे. तुकोबारायांचे शिष्य म्हणून वारकरी ज्यांस मानतात त्या निळोबारायांचे ते गाव, आणि त्यांची समाधीही तेथेच. ह्या परंपरेत असे सांगतात की, नामदेवांनी शतकोटी अभंग करण्याची प्रतिज्ञा केली होती. ती अपुरी राहिली, म्हणून नामदेव पांडुरंगास घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि उरलेले अभंग त्यांनी पुरे करावे अशी आज्ञा झाली. आता शंभर कोटी अभंग म्हणजे किती, हे कोणीही पाटीवर मांडून पाहावे. रात्रंदिवस, झोप नाही, भाकरी नाही, दर मिनिटास एक अभंग ह्या वेगाने लिहिले तरी एकोणीसशेहून अधिक वर्षे लागतील. नामदेवांचे आयुष्य १२७० ते १३५० असे ऐंशी वर्षांचे. तुकोबांच्या गाथ्यात अभंग सुमारे साडेचार हजार. म्हणजे नामदेव खोटे बोलले काय? की शतकोटी म्हणजे अभंगांचे शंभर प्रकार? पिंपळनेरच्या मंदिरात बसलेल्या कोणाही माळकऱ्यास विचारा. त्याला ह्यात काही अडचणच दिसणार नाही. विठ्ठलाचे वर्णन पुरे होत नाही, पिढ्यानुपिढ्या चालू ठेवावे लागते, एवढे त्याला त्या संख्येतून कळलेले असते. अडचण आमच्या पदवीधराला आहे. त्याला संख्या दिसली की गुणाकार सुचतो, गुणाकार जमला नाही की लाज वाटते, आणि लाज वाटली की तो व्युत्पत्तीच्या आड लपतो.

मोठ्या संख्येचा हा दुसरा उपयोग आपल्या वाङ्मयात वेदाइतकाच जुना आहे. पुरुषसूक्तातील पुरुष सहस्र मस्तकांचा, सहस्र नेत्रांचा आणि सहस्र पायांचा आहे. मस्तके सहस्र, तर नेत्र दोन सहस्र हवेत, हे सूक्तकर्त्यास कळत नव्हते असे मानावयाचे काय? चौदाव्या शतकात सायणाचार्यांनी ह्या सहस्र शब्दाचा अर्थ 'अनंत' असा केला. तेथे सहस्र हे उपलक्षण आहे असे त्यांनी सरळ सांगितले. सहस्र म्हणजे 'प्रकार' किंवा 'बळ' असले काही शोधून काढण्याची गरज त्या महापंडितास भासली नाही. ऋग्वेदात अग्नीची सेवा करणारे देव तीन हजार तीनशे एकोणचाळीस सांगितले आहेत. हा आकडा तीन ह्या अंकाचा केवढा खेळ आहे पाहा. तो खेळ आहे हे ज्याला दिसत नाही, त्याने वेदांचा अभिमान धरावा, पण वेदांवर व्याख्यान देऊ नये.

आता घरगुती शब्दांकडे वळू. कारण रोग तेथेही पसरला आहे. 'सतराशे साठ' हा आपला नित्याचा शब्द. सतराशे साठ भानगडी, सतराशे साठ कामे, सतराशे साठ वेळा सांगितले. ह्याचा उगम काय, म्हणून दोन उपपत्ती ऐकू येतात. पहिली अशी की, इसवी सन १७६० साली उदगीरची लढाई आणि भाऊसाहेबांची उत्तरेची स्वारी अशा गोष्टी एकामागून एक घडल्या, त्यांची ही आठवण आहे. ऐकावयास बरी आहे. पण त्या काळचा मराठा इसवी सन मोजत नव्हता. त्याच्या कागदावर शक होता, किंवा सुहूर सन होता. १७६० चा पाडवा उजाडला तो शके १६८२ चा. ज्या सनाचे नावही त्या पिढीच्या कानी नव्हते त्या सनावरून तिने वाक्प्रचार केला म्हणणे म्हणजे शिवाजीमहाराजांनी घड्याळ पाहून अफझलखानाची भेट ठरविली असे म्हणण्यासारखे आहे. दुसरी उपपत्ती मैलाची: एका मैलाचे वार सतराशे साठ, म्हणून. पण मैल म्हणजे काही अफाट पल्ला नव्हे. आमच्याकडचा शेतकरी तेवढे अंतर बाजाराचे ओझे डोकीवर घेऊन वीस-पंचवीस मिनिटांत काटतो. मैलाच्या वारांनी तो थक्क होईल हे संभवत नाही.

आणि दोन्ही उपपत्ती एकाच म्हणीने उडून जातात. नकटीच्या लग्नाला विघ्ने किती? सतराशे. साठ तेथे नाहीत. तेव्हा सनही गेला आणि मैलही गेला. त्याच्याही मागे जा: 'सतरा ठिकाणी चौकशी केली', 'सतरा जणांच्या तोंडी लागला', 'सतरा वेळा बजावले'. म्हणजे सतरा हीच मराठी माणसाची 'नको तितके' ह्या अर्थाची संख्या आहे. तिचे शतपट केले की सतराशे, आणि त्यावर साठाचे शेपूट लावले की सतराशे साठ. शेपटाचा हेतूही उघड आहे. वाटोळी संख्या ऐकणाऱ्यास अंदाजाची वाटते. शेपूटवाली संख्या कोणी तरी बसून मोजल्यासारखी वाटते. अरबी कथांतील रात्री सहस्र नसून सहस्र आणि एक आहेत, श्रीकृष्णाच्या भार्या सोळा सहस्रांवर आणखी एकशे आठ आहेत. त्रागा करणाऱ्या गृहिणीने 'हजार कामे' न म्हणता 'सतराशे साठ' म्हटले की, यादी तिच्यापाशी तयार आहे असा भास होतो आणि यजमान मुकाट्याने उठतात. स आणि श ह्यांची ती सळसळही कामास येते. ह्यात लढाई शोधण्याचे कारण नाही.

'अठराविश्वे दारिद्र्य' ह्याची गत निराळी. येथे मात्र खरोखर हिशेब आहे, आणि लोक तो चुकीचा करतात. अठरा गुणिले वीस म्हणजे तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सर्व दिवस दारिद्र्य, असे सांगतात. सुबक आहे, पण विश्वा म्हणजे वीस नव्हे, विश्वा म्हणजे विसावा भाग. उत्तरेत बिघ्याचे वीस बिस्वे करतात, आणि एखादी गोष्ट पुरतेपणी खरी असेल तर ती वीस बिस्वे खरी म्हणतात. पंचांगातील संवत्सरफलातही पाऊस, धान्य इत्यादींचे विश्वे सांगतात ते विसांपैकीच. तेव्हा अठराविश्वे दारिद्र्य म्हणजे विसांत अठरा भाग दारिद्र्य, असाच अर्थ आम्हांस सरळ दिसतो. उरलेले दोन विश्वे का सोडले, ते पर्जन्यछायेतील तालुक्यात राहणाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. पुरते वीस म्हटले तर पुढच्या मृगाची वाट पाहावयास माणूस उरणार नाही. असो.

मापांच्या शब्दांचे तर विशेष कौतुक वाटते. पाच शेरांची ती पासरी. वस्तू 'पैशाला पासरी' झाली म्हणजे बाजारात तिला कोणी विचारीत नाही. वीस मणांची ती खंडी; आणि मेंढरांच्या कळपात वीस मेंढरांची खंडी. १९५६ च्या कायद्याने आणि त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत शेर, मण, खंडी दुकानातून निघून गेले. १९५७ साली नवे पैसे आले आणि जुना पैसाही गेला. आज पासरीचे वजन डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य विरळा, पण पदवीधर मात्र पैशाला पासरी झाले आहेत, हे वाक्य प्रत्येकास समजते. 'मुबलक' हा शब्द जुन्या कागदांत रकमेच्या आधी 'एवढी रक्कम' ह्या अर्थाने येत असे, म्हणजे तो मूळचा नेमक्या हिशेबाचा शब्द; आज त्याचा अर्थ 'भरपूर'. 'बेसुमार' म्हणजे ज्याची मोजदाद नाही ते. सुमार हा फारसी शब्द गणनेचा. मोप, चिकार, रग्गड, बक्कळ ह्यांच्या कुळाची चौकशी येथे करीत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे खेडवळ शब्द. शास्त्रीय संख्या ती वेगळी. हा भेदच आम्हांस मान्य नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ह्या महाराष्ट्रात, चाळीसगावाजवळ पाटण येथे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेव्हा हा काही परक्याचा दाखला नव्हे. ती नावे पाहा. अब्ज आणि महापद्म म्हणजे कमळे. शंकु म्हणजे खुंटी. जलधि म्हणजे समुद्र. अंत्य म्हणजे शेवटचे. आणि मौज ही की, शेवटच्याच्या पुढे 'मध्य' येते आणि त्याच्याही पुढे परार्ध! वाजसनेयी संहितेत समुद्र, मध्य, अन्त, परार्ध असा क्रम असून तेथला परार्ध एकावर बारा शून्यांचा आहे. लीलावतीतला सतरा शून्यांचा. तेथला अर्बुद एकावर सात शून्यांचा, येथला आठांचा. हिंदीतला खरब आपल्या खर्वाच्या दसपट. ह्याचा अर्थ काय? प्रथम कोणी तरी थक्क होऊन समुद्र म्हटले, कोणी 'आता संपले' म्हणून अन्त म्हटले. गणिती मागून आला, आणि त्याने प्रत्येक आश्चर्यास एकेक स्थान नेमून दिले. ती नावे पूर्वीच्यांनी व्यवहारासाठी केली, असे भास्कराचार्य स्वतःच सांगतात.

पश्चिमेकडे तरी निराळे काय आहे? ग्रीकांचा दहा हजारांचा शब्द आणि 'अगणित' हा शब्द मुळात एकच. ज्या मिलियनपुढे आमची वृत्तपत्रे नमस्कार घालतात, तो इटालियनांचा 'मोठा हजार' आहे; आपल्याकडील बाईने 'ढीग'चा 'ढिगारा' करावा त्यातलाच प्रकार. बिलियन म्हणजे नक्की किती ह्याविषयी इंग्रज आणि अमेरिकन ह्यांचे १९७४ पर्यंत एकमत नव्हते. इंग्रजांचा बिलियन अमेरिकनांच्या हजारपट होता, आणि त्या साली ब्रिटिश सरकारने अमेरिकेचा हिशेब आपला म्हणून पत्करला. एकावर शंभर शून्ये ह्या संख्येस 'गूगोल' हे नाव तर एडवर्ड कास्नर ह्या गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याने दिले, आणि त्याच शब्दाचे रूप थोडे बदलून चाललेली कंपनी आज जगाला माहिती पुरविते. पोराने गमतीने उच्चारलेला शब्द साहेबाच्या देशात शास्त्र होतो, आणि आमच्या वृत्तपत्रास 'दहा लाख' लिहिण्याची लाज वाटून ते 'एक मिलियन' छापते! दहा लाखांत कोणता गावंढळपणा आहे, हे एखाद्या संपादकाने समजावून सांगितल्यास आम्ही आभारी होऊ.

ह्या सर्व खटपटीत खरे नुकसान कोणाचे होते? देवांचे होत नाही. ते आपली संख्या राखण्यास समर्थ आहेत. नुकसान आहे ते आपल्या विवेकाचे. आमच्या तालुक्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात काळ्या कातळास पाण्याने आणि त्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी रांजणासारखे खळगे पाडले आहेत. दुरून लोक पाहावयास येतात. किती खळगे आहेत, असे विचारले तर काठावरचा मनुष्य 'मोप' म्हणतो आणि चालू लागतो. त्याच मनुष्याला त्याची मेंढरे किती, असे विचारा. सहा खंड्या आणि वर तीन, असे उत्तर येईल, आणि त्यात एकाचीही चूक नसेल. कोठे मोजावे आणि कोठे मोप म्हणावे, हे त्याला शाळेवाचून कळते. खंडी हा एकच शब्द तो दोन्हीकडे वापरतो, आणि घोटाळा होत नाही.

सुशिक्षितांचा व्यवहार नेमका उलट चालला आहे. देवांची शिरगणती बिनचूक हवी, पण सभेतील वक्त्याने 'कोट्यवधींची कामे केली' म्हटले की टाळी वाजते. कोट्यवधी म्हणजे किती, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे विचारणे असभ्यपणाचे ठरते. दुष्काळात टँकर 'हजारो' धावतात, वृक्ष 'लाखो' लावले जातात. जेथे आकडा मागणे हा नागरिकाचा हक्क, तेथे आम्ही अलंकारावर संतुष्ट. आणि जेथे अलंकार आहे तेथे हिशेबतपासनीस होऊन बसलो. ह्याच तालुक्यातील राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे ह्यांनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणे केली, आणि २००५ साली देशास तो कायदा मिळाला. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरेबाजार दरवर्षी पडलेल्या पावसाचा आणि खर्चावयाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. तेथे कोणी 'पाणी मोप आहे' असे म्हणून चालत नाही. गावातल्या मंदिरात देव किती, हा प्रश्न मात्र त्या ताळेबंदात कोणी घेतलेला ऐकिवात नाही.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा विचारतो, देव खरोखर तेहतीस कोटी आहेत काय, आणि वडील घाईघाईने 'प्रकार, प्रकार' म्हणून मोकळे होतात. हे करू नये. त्याला बृहदारण्यकातील संवादच सांगावा. विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्यास विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य प्रथम तीन हजार तीनशे सहा सांगतो. बरे, पण किती? तेहतीस. पण किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. ते हजारो कोण, असे विचारता तो म्हणतो की, ते ह्या तेहतिसांचे महिमे. मोठ्या संख्येचा इतका स्वच्छ अर्थ दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाने आम्हांस सांगितलेला नाही. मुलास ह्या उतरंडीतला दीड देव फार आवडतो, असा अनुभव आहे. तो दीड कोण? वारा. वाहणारा तर तो एकटाच. मग दीड कसा? त्याच्या ठायी हे सर्व वाढीस लागते म्हणून, असे उत्तर याज्ञवल्क्याने 'अध्यर्ध' ह्या शब्दावर श्लेष करून दिले आहे. ह्या दीड देवाचे प्रकार किती, ते आमच्या शोधक मित्रांनी सवडीने कळवावे.